पहिल्या पाटीचं मीठ

ठाण्याच्या खाडीपासून कल्याणच्या खाडीपर्यंत मिठातलं माझ्याएवढं कळणारा माणूस झाला नाय, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाय. त्याच मिठात घालून मी एका बिबट्याचं कातडं सडवलं.

मी कोलशेतकडचा. आजा मिठागरावर, बाप मिठागरावर, मी पहिलं पाऊल टाकलं तेही मिठागराच्या बांधावर, आणि लगेच पाण्यात पडलो. शाळा गावात नव्हती. असती तरी मास्तरांचं नशीब चांगलं, मी गेलो नसतो. हे सगळं मी सांगतोय आणि माझी नातसून उतरवून घेतेय. मध्येच हसते, मग अक्षर वाकडं येतं म्हणते.

पन्नाशी उलटली तसे माझे डोळे गेले. आंधळा नाय झालो, पण चाळीस वर्षं उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून बघून सगळंच पांढरं दिसायला लागलं. एक दिवस सकाळपासून दुपारपर्यंत फळीने मीठ ओढलं, घामाने निथळलो, सुंदर रास लावली. मुकादम आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"दादा, झकास काम केलंत. पण हा वाफा शेजारच्यांचा."

मी आजूबाजूला बघितलं. खरंच, आमचा वाफा बांधाच्या पलीकडे होता. मुकादम म्हणाला, "आता घरी बसा. पोरगा आहे ना तुमचा कामाला."

घरी बसणं म्हणजे ओसरीवर बसून कोंबड्या राखणं. आठ दिवसांत बायको कंटाळली. म्हणाली, "तुम्ही इथं बसल्यापासून कोंबड्या अंडी घालत नायत. त्यांना वाटतं कोन तरी टक लावून बगतंय. जा कुठंतरी."

म्हणून मी टेंभी नाक्याला गेलो. तिथे एका शेठचं दुकान होतं. लग्नाचे मांडव, सतरंज्या, मोठी पातेली भाड्याने द्यायचा. गोरे लोक देश सोडून गेले तेव्हा त्यांच्या छावणीतलं सामान त्याने उचललेलं: तंबू, घडीच्या खाटा, कापडाचा हौद, कंदील. आणि त्याच्यावर त्याने नवाच धंदा काढलेला. कोणाला शिकारीला जायचं असेल तर येऊरच्या डोंगरात तंबू ठोकून द्यायचा, स्वयंपाकी द्यायचा, ओझी उचलायला माणसं द्यायची, जंगल दाखवायला वाटाड्या द्यायचा. परवाना पाहुण्याचा, बंदूक पाहुण्याची, बाकी सगळं शेठचं. दिवाळी झाली की सुरू, होळीला बंद. मला त्याने ओझी उचलायला ठेवला. दर वर्षी तेवढे चार-साडेचार महिने काम. मला आणखी काय पाहिजे? मी बाहेर, कोंबड्या सुखात.

पहिल्या दिवशी मी शेठला दोन वेळा विचारलं, "हे लोक जमिनीवर झोपायचे पैसे देतात? आपल्याला? आपण त्यांना नाय?"

शेठ म्हणाला, "आपल्याला देतात. तू तोंड मिटून तंबू उचल."

मी तोंड मिटलं नाय, ते उघडंच राहिलं. त्या सामानात एक खुर्ची होती, बसायच्या जागी मधोमध गोल भोक. मला वाटलं, बिचारी मोडली. मी स्वतःच्या अक्कलहुशारीने त्यावर एक जाड फळी बसवली आणि सहा खिळे ठोकले. दुसऱ्या दिवशी पहाटे एका पाहुण्याने तंबूतून जी हाक मारली, ती बिबट्याने ऐकली असती तर तो त्या डोंगरातच राहिला नसता. खुर्चीचा उपयोग मला त्या दिवशी समजला. खिळे मात्र निघाले नाय, मग ती खुर्ची दुकानात शेठच्या गिऱ्हाइकांना बसायला ठेवली.

वाटाड्या म्हणून येऊरच्या पाड्यावरचा एक वारली म्हातारा यायचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, बारीक, काळा, बोलणं कमी. जनावर कुठून आलं, कधी आलं, पोट भरलेलं आहे की रिकामं, सगळं मातीत बघून सांगायचा. मी त्याला बाबा म्हणायचो, तो मला मिठवाल्या. शिकार झाली की कातडं काढायचं आणि मीठ लावायचं काम त्याचंच. त्याच्याकडे एक गंजका डबा होता. त्यात चुलीची राख आणि मीठ. आणि मीठ कसलं? मळकट, तपकिरी, बारीक भुगा. बघूनच माझ्या तीन पिढ्या रडल्या.

एकदा दुकानात सगळे बसलेले असताना मी बोललो, "शेठ, कोलशेतचा माणूस दुकानात असताना तुम्ही कातड्याला ही धूळ लावता? लोक काय म्हणतील?"

शेठने वर बघितलं. "तुला जमतं?"

"मीठ? मला? मीठ जमतं का म्हणून मला विचारता?"

"मग पुढचं कातडं तू बघ," शेठ म्हणाला. बाबा दाराशी बसून बिडी ओढत होता. तो काहीच बोलला नाय. त्याच्या न बोलण्याचा अर्थ मला तेव्हा हार वाटला.

आता इथे आमची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाय. मिठागरात थंडी सरताना पहिलं मीठ धरतं. त्याची पहिली पाटी आमच्यात विकत नाय. ती डोक्यावर घेऊन गावदेवीपुढे न्यायची, नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं. निम्मं मीठ देवीपाशी राहतं, निम्मं घरी येतं, आणि घरात काही मंगल कार्य निघालं तर ते त्या मिठाने सुरू करायचं. माझ्या लग्नाच्या जेवणात ते होतं. पोरीला डोंबिवलीला दिली तेव्हा तिच्याबरोबर त्याचं गाठोडं गेलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं कातडं, दुकानातली माझी पत, त्याला दुसरं कुठलं मीठ लावणार?

पोरगा ती पाटी घरी घेऊन आला. खडे एवढे मोठे, हिऱ्यासारखे. मी सगळं गोणपाटात भरायला लागलो. बायको पदर खोचून दारात उभी.

"मेलेल्या जनावराला पहिल्या पाटीचं मीठ? डोकं फिरलं कं तुमचं?"

"तुला नाय कळायचं. मानाचं काम आहे."

"आणि ते ओलं हाय अजून."

"मिठागरावर चाळीस वर्षं तू होतीस का मी?"

"चाळीस वर्षं तुमचा डबा घेऊन मीच येत होते," ती म्हणाली आणि आत गेली.

ओलं होतं, हे मला माहीत नव्हतं का? सगळं माहीत होतं. नव्या मिठाला पाणी सुटतं, ते कडू असतं, म्हणून तर आम्ही राशी करतो, वर गवत घालतो, पावसाळाभर ठेवतो. मग ते कोरडं होतं. हे कोलशेतमधलं शेंबडं पोर सांगेल. मला एवढंच वाटलं नाय की देवीपुढे ठेवलेल्या मिठाला हे लागू असेल.

माघात कल्याणहून एक वकील आले. चाळिशीचे, शिडशिडीत, चष्मा, कोटाच्या खिशात दोन पेनं. बंदूक अशी धरलेली, जशी पाहुण्यांचं रडणारं मूल धरतात. शेठला म्हणाले, "मला बिबट्या हवा." शेठ म्हणाला, "सगळ्यांनाच हवा असतो साहेब."

पहिल्या संध्याकाळी येऊरला तंबू ठोकून झाले. मी त्यांच्या पायांवर गरम पाणी ओतत होतो, फोड आलेले. ते आपणहून बोलायला लागले.

"दादा, माझे वडील मामलेदार होते. तरुणपणी त्यांनी दोन बिबटे मारले. आता अंथरुणावर आहेत. डॉक्टर म्हणतात, होळी दिसेल, त्याच्यापुढचं सांगता येत नाही."

मी म्हटलं, "अरेरे."

"लहानपणापासून मला एकच सांगतात. तू झुरळाला घाबरतोस."

"घाबरता?"

"घाबरतो," वकील म्हणाले. "पण त्यांनी जाण्याआधी त्यांच्या खाटेसमोर एक कातडं अंथरायचंय. मी मारलेलं. त्यांनी बघायला हवं. बस, एवढंच."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. एवढा शिकलेला माणूस, कोर्टात लोकांना गप्प करणारा, आणि बापाच्या एका शब्दासाठी डोंगरात पायाला फोड आणून बसलेला. मी छाती पुढे काढून म्हटलं, "साहेब, तुम्ही फक्त मारा. कातड्याची काळजी माझ्यावर."

त्यांना काय माहीत, कोणावर सोडतायत.

बाबा शेकोटीपाशी माझं गोणपाट उघडून बघत होता. मुठीत मीठ घेतलं, दाबलं, हात उघडला. हाताला ओल.

"पानी हाय यात, मिठवाल्या."

"बाबा, तुमच्या डब्यातली धूळ बघा आणि हे बघा. लांबूनच चमकतं."

बाबाने तळहात धोतराला पुसला. पुन्हा काही बोलला नाय. मी पुन्हा जिंकलो.

बिबट्या पाड्यावरच्या शेळ्या उचलत होता, त्यामुळे तो दिवसा कुठल्या ओढ्यात पडून असतो ते बाबाला माहीत होतं. सकाळी ऊन चढल्यावर पाड्यावरचे वीसेक जण डबे आणि ढोल घेऊन वरच्या अंगाला गेले. ते वाजवत खाली येणार, जनावर त्यांच्यापुढे पळत आमच्या दिशेने येणार, असा हिशोब. वकील एका खडकाला टेकून उभे. मी त्यांच्या मागे, खांद्याला पाण्याची पिशवी, हातात जेवणाचा डबा.

बाबा जाताना मला म्हणाला, "समोर आला तरी पळू नको. पळशील तर तो मागं येल."

मी म्हटलं, "बाबा, मी पळणाऱ्यातला वाटतो का?"

ढोल वाजायला लागले. आधी दोन मोर उडाले. मग एक डुक्कर गेलं. मग बराच वेळ काहीच नाय. मला वाटलं, संपलं, जेवायला बसू. मी डबा उघडायला वाकलो आणि वर बघितलं, तर समोर, आमच्या ओसरीपासून कोंबड्यांचं खुराडं जेवढं लांब, तेवढ्याच अंतरावर, तो उभा. आवाज नाय, पानसुद्धा हललं नाय. जणू तो आधीपासून तिथेच होता आणि मलाच आता दिसला. तो आमच्याकडे बघत होता. रागाने नाय. दुकानात माणूस उभा राहतो आणि काय घ्यावं विचार करतो, तसा.

पुढचं मला सांगता येत नाय, कारण मी बघितलं नाय. माझे डोळे मिटलेले. मी खाली बसलेलो आणि दोन्ही हातांनी वकिलांच्या डाव्या पायाला मिठी मारलेली, डोकं त्यांच्या कोटात. वरून एक आवाज आला, कानात फटाका फुटल्यासारखा. मग वकिलांचा आवाज, एकदम बारीक:

"दादा, सोडा."

"गेला का?"

"मेला. पाय सोडा."

मी पाय सोडला. डब्यातली सगळी भाजी माझ्या मांडीवर होती.

आणि मग मी बिबट्या बघितला. मला वाटलेलं, केवढा तरी मोठा असेल. मेल्यावर तो लहान झाला. आमच्या चुलीपाशी मांजर झोपतं, एक पंजा तोंडाखाली घेऊन, अगदी तसा. मिशीला गवताची एक काडी अडकलेली. वकील चष्मा काढून उभे होते, पुसायचा विसरून. पाड्यावरची माणसं खाली आली. मला वाटलं, शेळ्या खाणारा गेला, आता नाचतील. कोणी नाचलं नाय. बाबाने वाकून त्याच्या कपाळाला हात लावला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.  

बाबाने कातडं उतरवलं. कसला हात त्याचा, कुठे एक ओरखडा नाय. छातीच्या मधोमध गोळीचं भोक, तेवढंच. मग माझी पाळी आली. मी सगळ्यांना मागे सारलं. पहिल्या पाटीच्या मिठाला नारळ फोडल्याशिवाय हात लावत नाय, म्हणून मी नारळ आणलेलाच. कातड्यावरच फोडला. पाणी सगळं कातड्यावर गेलं. बाबाने दोन्ही हात डोक्याला लावले. मला वाटलं, नमस्कार करतोय.

मग हळदकुंकू वाहिलं आणि मीठ चोळलं. मूठ मूठ, भरभरून. इतकं भरभरून की शेपटीपर्यंत येता येता संपलं. शेपूट आणि मागचा एक पंजा राहिला. बाबाने काही न विचारता आपला गंजका डबा आणला आणि तेवढ्याला आपली राख आणि धूळ लावली.

"तेवढंच वाईट दिसणार," मी वकिलांना हळूच म्हटलं. "शेपूट काय, कोण बघतंय."

बाबा म्हणाला, "रातभर उघडं टाक सावलीला. पानी निघू दे."

"आणि दव पडलं म्हणजे?" मी म्हटलं. मी कातडं गच्च गुंडाळलं, गोणपाटात शिवलं, पत्र्याच्या ट्रंकेत घातलं, कडी लावली. दुकानात आणून मागच्या भिंतीला लावून ठेवलं. भिंतीच्या पलीकडे मिठाईवाल्याची भट्टी. मला वाटलं, उबेला लवकर सुकेल. बघा, माणूस किती बाजूंनी विचार करतो.

पाचव्या दिवशी वकील आले. इस्त्रीचा कोट, दाढी केलेली. शेठला म्हणाले, "वडिलांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. म्हणाले, आण, बघू. दोन दिवस झाले, जेवताना दाराकडे बघतात."

शेठने चहा मागवला. बाबा पाड्यावरून मोळी घेऊन आलेला, तो पायरीवर बसला. मी ट्रंक मधोमध आणली. आणताना ट्रंकेतून डुबुक असा आवाज आला. मी म्हटलं, मीठ हलत असेल.

कडी काढली, झाकण उघडलं. आधी वास आला. शेजारचा मिठाईवाला झारा हातात घेऊन बाहेर आला आणि आमच्याकडे न येता विरुद्ध दिशेने चालायला लागला. ट्रंकेत अर्धं बोट तपकिरी पाणी. मी तरी म्हटलं, हे असंच असतं, आणि रुबाबात गोणपाट फाडून कातडं दोन्ही हातांनी धरलं, खांद्यापाशी, आणि वर उचललं.

कातडं खालीच राहिलं. केस माझ्या हातात आले.

दोन्ही मुठी भरून बिबट्याचे केस, ठिपक्यांसकट. मी ते परत ठेवायला गेलो. खरंच सांगतो, ते मी परत त्याच जागेवर चिकटवायला गेलो. जिथे बोट लावलं तिथून आणखी निघाले. खाली पांढरट, गुळगुळीत चामडी. चाळीस वर्षं मी मिठात होतो आणि मिठाने मला त्या दिवशी ओळखच दाखवली नाय.

वकील मागे सरकले आणि त्या खिळे ठोकलेल्या खुर्चीवर बसले. ओरडले नाय. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आता त्यांना काय दाखवू?" एवढंच म्हणाले, तेही कोणाला नाय.

शेठ बाबावर धावला. "म्हाताऱ्या! इतकी वर्षं कातडी करतोस आणि वकीलसाहेबांच्याच कातड्याची घाण केलीस?"

बाबाने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी एक श्वास गप्प बसलो. मला वाटलेलं दोन बसेन, पण तोंडच उघडलं. "शेठ, मी केलं. मीठ माझं, नारळ माझा, ट्रंक मी लावली. बाबाने नको म्हटलेलं."

"तू? तीन पिढ्या मिठातल्या ना तुझ्या?"

"त्या बिचाऱ्यांचा यात काही हात नाय," मी म्हटलं.

बाबा उठला. ट्रंकेत हात घालून कातडं बाहेर काढलं, मागच्या अंगणात नेलं. घासलं, धुतलं, राख लावली, आपलं जुनं मीठ लावलं, खुंट्या मारून सावलीला ताणलं. तीन दिवस तो तिथेच बसून होता, मी त्याला बिड्या आणून देत होतो. दुसऱ्या कोणत्याच कामाला त्याने मला हात लावू दिला नाय. शेवटी जे हाती आलं ते असं: अंग टकलं, मधे मधे कुठे केसांचे झुबके, छातीवर गोळीचं भोक शाबूत. आणि शेपूट आणि मागचा तो एक पंजा, अहाहा, जिवंत जनावराचे असावेत तसे, चकचकीत. जिथे जिथे माझं मीठ लागलं नव्हतं, तिथे तिथे बिबट्या होता.

वकिलांनी ते बघितलं आणि मला म्हणाले, "तुम्ही माझ्याबरोबर कल्याणला चला. हे असं कसं झालं ते मी सांगितलं तर त्यांना वाटेल, बाजारातून जुनं उचलून आणलं."

लाकडं नेणाऱ्या खटाऱ्यातून आम्ही गेलो. घर तळ्याजवळ, कौलारू, स्वच्छ. आत खाटेवर मामलेदार. अंगात हाडं तेवढी राहिलेली, पण डोळे असे की मी उंबऱ्यावरच आपोआप टोपी काढली. वकिलांनी कातडं खाटेसमोर अंथरलं. हात थरथरत होते. बिबट्या समोर उभा होता तेव्हा थरथरले का, हे मला माहीत नाय, मी कोटात होतो.

मामलेदारांनी बराच वेळ बघितलं.

"हे काय आहे?"

"बिबट्या, नाना," वकील म्हणाले.

"हा? ह्याला कुठला रोग झाला होता?"

मी पुढे झालो. "साहेब, रोग मी." आणि सगळं सांगितलं. पहिली पाटी, नारळ, ट्रंक, भट्टी, हातात आलेले केस. काही लपवलं नाय. मग त्यांनी विचारलं, "ह्यानं जनावर मारलं तेव्हा तू कुठे होतास?"

"ह्यांच्या मागे, साहेब."

"काय पाहिलंस?"

"काही नाय. मी डोळे मिटलेले. ह्यांचा पाय धरून बसलेलो."

"पाय धरून? आणि हा पळाला नाही?"

मला खरं तेवढंच बोलता येतं, तेही उशिरा. "पळतील कसे साहेब, मी घट्ट धरलेला."

वकिलांनी मान खाली घातली. एवढं लांब येऊन मी ह्या माणसाचं होतं नव्हतं तेही घालवलं. मामलेदारांनी हात पुढे केला. वकिलांनी कातडं उचलून जवळ नेलं. म्हाताऱ्याने छातीवरचं भोक शोधलं आणि त्यात बोट घातलं. बोट तिथेच ठेवून बसले.

"समोरून," ते म्हणाले.

"हो, नाना."

"माझे दोन्ही मी बाजूने मारले होते. मचाणावरून." मग पोराकडे बघितलं. "पाय ह्यानं धरला असेल. हात तर तुझेच होते."

वकिलांनी चष्मा काढला. या वेळी मात्र पुसला. मामलेदारांनी ते बोट भोकातून काढलं नाय आणि दुसरा हात पोराच्या मनगटावर ठेवला. मी थक्क. मला वाटलं, चला, झालं माझ्यामुळे, निदान एवढं तरी झालं, आणि मला राहवलं नाय.

"साहेब, तसं बघितलं तर मीठ चांगलंच होतं. आमच्या पहिल्या पाटीचं, देवीपुढे ठेवलेलं..."

मामलेदारांनी माझ्याकडे मान वळवली.

"माझ्या मुलानं हे जनावर एकदाच मारलं. मेल्यावर परत मारलंस तू. आता बाहेर जाऊन उभा राहा, तुझ्या हातांना वास येतोय."